रक्तवाढीसाठी काय? गुळाचा खडा की बिटाचा रस?

"अंगात रक्त कमी आहे," एवढे चार शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाले, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. सासूबाई, मावश्या, शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, रोज गूळ-शेंगदाणे खा. आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या?" आणि शिकलेली नणंद, नाहीतर शहरातून आलेली धाकटी जाऊ म्हणते, "वहिनी, गूळ सोडा हो. सकाळी उठल्याबरोबर बिटाचा रस घ्या. रंगच बघा ना त्याचा!" बिचारी वहिनी दोघींचेही मन मोडत नाही. गुळाचा खडाही तोंडात टाकते आणि नाक मुरडत बिटाचा रसही पिते. दोन महिन्यांनी तपासणी करावी, तर काटा जिथल्या तिथे!

मग चूक कुणाची? गुळाची, बिटाची, की आपल्या हिशेबाची? आज हा हिशेबच जरा नीट मांडून पाहू या. वाणसामानाचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो, मग रक्ताचा का नको?

हिशेबासाठी जागा निवडायची तर आळेफाट्यासारखी दुसरी सापडणार नाही. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे (आता अहिल्यानगर) जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो हा फाटा. मुंबईची, पुण्याची, नाशिकची माणसे इथे चहाला थांबतात. आसपासचा मुलूख जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची धरणे झाली आणि जिथे बाजरी-हुलग्यावर भागत होते, तिथे ऊस, टोमॅटो, कांदा आणि भाजीपाला आला. विघ्नहर साखर कारखाना याच तालुक्यातला, गुऱ्हाळे याच भागातली आणि टोमॅटोचा नावाजलेला बाजार म्हणजे पलीकडचे नारायणगाव. थोडक्यात, गोड आणि भाजी दोन्ही इथे दाराशी पिकते. तरीही इथल्या बायकांच्या अंगात रक्त कमीच, आणि तुमच्या-आमच्या शहरांतही काही वेगळे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे फ्रिज आले, मिक्सर आले, बिटाचा रस आला, आणि रक्त मात्र आणखी उतरले!

आता आधी गुळाकडे वळू.

गुळात लोह असते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खोटे नाही. प्रश्न आहे किती, हा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या देशातल्या अन्नपदार्थांचे तक्ते केले आहेत. घरगुती सल्ल्यांची पुस्तके, आरोग्यसदरे, शाळेतली गृहविज्ञानाची वही, या सगळ्यांची गंगोत्री हे तक्ते. त्यांच्या जुन्या आवृत्तीत १०० ग्रॅम गुळात ११.४ मिलिग्रॅम लोह दिले होते. पुढे सुधारलेल्या आवृत्तीत तेच लोह २.६४ मिलिग्रॅम झाले. आणि २०१७ साली निघालेल्या नव्या तक्त्यांत ते साडेचारच्या जरा वर आहे. गूळ तोच, नाव तेच, पण आकडा अकरावरून अडीचवर आणि अडीचवरून साडेचारवर! यात नवल नाही. गूळ हा काही झाडाला लागत नाही. रस कोणत्या काहिलीत आटवला, काहील लोखंडी होती की दुसऱ्या धातूची, मळी किती काढली, वाफ्यात ओतताना माती-धूळ किती मिसळली, यावर त्यातले लोह बदलते. आपल्याकडे गंमत अशी झाली, की पहिला मोठा आकडा घराघरांत पोचला आणि मागून आलेले लहान आकडे तक्त्यातच राहिले. आजही कुणी छातीठोकपणे "गुळात भरपूर लोह" म्हणते, तेव्हा त्यामागे बहुतेक तो जुना अकराचा आकडाच असतो.

बरे, साडेचार म्हणजे तरी काही कमी नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण हा आकडा १०० ग्रॅमचा आहे. शंभर ग्रॅम गूळ एका दिवसात कोण खाते? दोन वेळच्या चहात आणि एखाद्या खड्यात मिळून फार तर २० ग्रॅम गूळ पोटात जातो. त्यातून लोह मिळाले एक मिलिग्रॅमहूनही कमी. आणि दिवसाची गरज? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज आहारातून २९ मिलिग्रॅम लोह मिळायला हवे. एकोणतीसमध्ये एक म्हणजे दर्यात खसखस! ही गरज केवळ गुळातून भागवायची म्हटली, तर रोज अर्ध्या किलोहून जास्त गूळ खावा लागेल. मग रक्ताचे राहू द्या, साखरेच्या डॉक्टरांकडेच नंबर लावावा लागेल.

कारण गूळ हा शेवटी गोडच आहे, भगिनींनो. शंभरातले पंचाऐंशीच्या आसपास भाग त्यात शर्कराच असते. साखरेच्या १०० ग्रॅममधून ४०० उष्मांक मिळतात, तर गुळाच्या १०० ग्रॅममधून ३५० ते ३८०. फरक तो एवढाच. गुळात चुना, म्हणजे कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, आणि साखरेत यातले काहीच नाही, हे कबूल. पोळीला, लाडवाला गुळाची जी खमंग चव येते ती साखरेला सात जन्मांत यायची नाही, हेही कबूल. पण "मला मधुमेह आहे, म्हणून मी साखर सोडून गूळ खाते" असे म्हणणाऱ्या बायका जेव्हा भेटतात, तेव्हा मात्र वाईट वाटते. रक्तातली साखर गूळही वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या गोडाची मर्यादा सांगितली, ती साधारण दिवसाला ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५. त्यात साखर, मध, काकवी, गूळ सगळे आले.

आळेफाट्यावर काय किंवा आणखी कुठल्या हमरस्त्यावर काय, हल्ली 'गुळाचा चहा' अशा पाट्या ठायीठायी दिसतात. थांबून प्यायला हरकत नाही, चव छान असते. पण तो औषध म्हणून पिऊ नका. चहातल्या तुरट द्रव्याला लोह जखडून ठेवण्याची खोड असते. जेवणाबरोबर घेतलेला कपभर चहा त्या जेवणातल्या लोहापैकी निम्म्याहून अधिक लोह अंगी लागू देत नाही. तेव्हा गुळातले ते चिमूटभर लोह चहाच्याच कपात घालून पिणे म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले!

गुळाचा रंग पाहून भुलू नका, हेही इथेच सांगून टाकते. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळू लागला, की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढून टाकायची, ही जुनी रीत. पाक कधी उतरवायचा हे गुळव्याच्या नजरेवर. पण बाजारात पिवळाधमक गूळ आपणच मागतो, म्हणून मग कुठे कुठे तो उजळ करायला हायड्रोस नावाची पावडर घालतात. त्याने गुळात गंधकाचा अंश उतरतो, आणि दम्याच्या माणसाला तो बाधू शकतो. कित्येक ठिकाणी रसात साखरच ओततात. तेव्हा ढेप घेताना गर्द तपकिरी, किंचित मऊ, उसाचा वास असलेली घ्यावी. खारट लागणारी किंवा फार टणक असलेली नको.

आता बिटाकडे.

बिटाला रक्तवर्धक म्हणण्यात त्याच्या रंगाचा वाटा मोठा आहे. लाल म्हणून रक्त, हे आपले साधे गणित. पण रक्ताचा लाल रंग लोहाशी बांधलेल्या हिमोग्लोबिनचा, आणि बिटाचा रंग बेटानिन नावाच्या अगदी वेगळ्या द्रव्याचा. त्या रंगात लोह नाही आणि त्याचे रक्तही होत नाही. उलट काहीजणींच्या शरीरात तो रंग पचत नाही आणि लघवी गुलाबी होते. पहिल्यांदा पाहिले की बाई घाबरून जाते. घाबरू नका, आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का, ते आठवा.

लोह पाहायचे तर १०० ग्रॅम कच्च्या बिटात ते पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर रस काढायला तीन-चार बिटे लागतात, आणि चोथा गाळून टाकल्यावर त्या पेल्यात लोह उरते साधारण एक, फार तर दीड मिलिग्रॅम. म्हणजे गुळाच्या खड्यापेक्षा बरे, पण एकोणतीसच्या हिशेबात त्यालाही फारशी किंमत नाही.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. पेलाभर बिटाच्या रसात १२ ते १६ ग्रॅम शर्करा असते, जवळजवळ तीन चमचे साखरेइतकी. म्हणजे लहान लिंबाएवढ्या गुळाच्या खड्यात जेवढी, तेवढीच! आणि ती शर्करा उसातल्या साखरेसारखीच, तिच्यात तसूभर फरक नाही. १७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बिटातून साखर काढून दाखवली. पुढे नेपोलियनच्या काळात फ्रान्सला बाहेरची साखर मिळेनाशी झाली तेव्हा तिकडे बिटाची शेती जोरात वाढली. आजही युरोपात जी साखर होते ती मुख्यतः पांढऱ्या बिटाची. आपले लाल बीट हे त्याचेच सख्खे भावंड. तेव्हा 'गूळ गोड म्हणून वाईट आणि बीट भाजी म्हणून चांगले' इतके हे सरळ नाही. गोडापुरते दोघे एकाच घराण्यातले.

मग या दोघांत जिंकले कोण? सारख्याच गोडीला तोलले, तर बीटच. पेलाभर रसातून फोलेट हे जीवनसत्त्व चांगले मिळते. १०० ग्रॅम कच्च्या बिटात ते शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, गुळात जवळजवळ नाहीच. नवे रक्त घडायला लोहाबरोबर फोलेट लागते, आणि गरोदरपणी तर बाळाचा मेंदू व कणा नीट घडण्यासाठी ते पहिल्या दिवसापासून हवे. शिवाय बिटात नायट्रेट असते, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. म्हणूनच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, किंवा मुळातच दाब कमी राहत असेल, तर रोज रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मूतखड्याचा त्रास झालेला असेल तर बिटाचा रस टाळलेलाच बरा, कारण त्यात ऑक्झलेट बरेच असते.

पण मला विचाराल, तर बिटाचा रस काढूच नये, बीट खावे. रस गाळला की चोथा मोरीत जातो, पोट साफ ठेवणारा तो भाग आपण फेकून देतो आणि गोड पाणी पितो. वर तीन-चार बिटे एकट्या बाईच्या पेल्यात संपतात, त्याऐवजी त्यांची कोशिंबीर केली असती तर सगळ्या घराला पुरली असती.

तर मंडळी, गूळ आणि बीट यांच्या भांडणात दोघेही एकेक मिलिग्रॅमचे धनी निघाले. पण उरलेले सत्तावीस आणायचे कुठून? आणि इथेच मला आळेफाट्याची आठवण येते. कारण ते सत्तावीस या भागातल्या जुन्या स्वयंपाकघरात होते, आणि आपणच त्यांना 'गावठी' म्हणून मागे सारले.

बाजरीची भाकरी घ्या. १०० ग्रॅम बाजरीत सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह असते. मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे साडेसात मिलिग्रॅम एका जेवणातच आले! हुलग्यात याहून जास्त, १०० ग्रॅममध्ये साडेआठच्या वर. जुन्नर-आंबेगावकडे हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करतात. पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचे, हातावर वळून त्याची कडी-वेटोळी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडून शिजवायची. थंडीत ताटलीभर गरम शेंगोळी खाल्ली तर चार मिलिग्रॅम लोह आले. मटकीही तशीच, १०० ग्रॅममध्ये आठच्या जवळ. मेथीच्या पाल्यात साडेपाचच्या वर, तांदुळजा-माठात साडेचार. आणि ज्याचे आपण एवढे कौतुक करतो त्या पालकात? तीनच!

आळेफाटा-नारायणगावकडची मासवडी तर तुम्ही ऐकलीच असेल, कदाचित रस्त्यावरच्या खानावळीत खाल्लीही असेल. नावात मासा, पण पदार्थ शुद्ध शाकाहारी. बेसन शिजवून थापायचे, आत तीळ, खोबरे, लसूण यांचे सारण भरून गुंडाळी करायची आणि तिच्या वड्या कापून झणझणीत रश्शाबरोबर खायच्या. त्यातले बेसन आणि तीळ दोन्ही लोहाचे. तिळात तर गुळाच्या तिपटीच्या आसपास लोह. संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो आणि लोहाचे श्रेय गुळाला देतो, काम मात्र बिचारा तीळ करत असतो! तेच गूळ-शेंगदाण्याचे, तेच बाळंतिणीच्या अळिवाच्या लाडवाचे. अळिवात लोह गुळाच्या कितीतरी पट आहे, गूळ त्याला धरून ठेवतो आणि घशाखाली उतरवतो, एवढेच. आजीचा सल्ला चुकीचा नव्हता, आपण त्यातला सोपा आणि गोड तेवढा भाग उचलला.

बाजरीने खरोखर फरक पडतो का? पडतो, आणि तो पाहिलेला आहे. 'धनशक्ती' नावाचे लोह जास्त असलेले बाजरीचे वाण महाराष्ट्रात आले. आळेफाट्याच्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात निवासी शाळांतल्या १२ ते १६ वयाच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला. काही मुलांना या बाजरीच्या भाकऱ्या दिल्या, काहींना नेहमीच्या बाजरीच्या. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या अंगात लोह कमी होते, अशा मुलांपैकी धनशक्तीची भाकरी खाणाऱ्यांची तूट सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या मुलांच्या दीडपटीहून जास्त निघाली. लक्षात घ्या, पेलाभर रसाने नव्हे, रोजच्या भाकरीने. आणि आठ दिवसांत नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने.

बाजरीचा एक दोषही सांगायला हवा. धान्य-कडधान्यांतले लोह सगळे अंगी लागत नाही, शंभरातले पाच-दहा भाग लागले तर लागले. बाकीचे त्यांच्यातलेच फायटेट नावाचे द्रव्य अडवून धरते. म्हणून तर गरजेचा आकडा २९ इतका मोठा. पण ही अडवणूक सोडवायची किल्लीही आपल्या हातात आहे. ती म्हणजे आंबट! लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांतले 'क' जीवनसत्त्व त्याच घासाला सोबत असले, की भाकरी-उसळीतले लोह पुष्कळ जास्त शोषले जाते. टोमॅटोत स्वतःचे लोह नगण्य, पण दुसऱ्याचे लोह अंगी लावायला तो पुढे! नारायणगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतलेले आपण बातम्यांत पाहतो, तेव्हा पोटात कालवते. त्याच वेळी आपल्या ताटात दोन फोडी कच्च्या टोमॅटोच्या नसाव्यात? मटकीला मोड आणले तरी ते अडवणारे द्रव्य कमी होते. आणि चहा जेवणाआधी वा नंतर तास-दीड तास लांब ठेवा. "जेवण झालं, आता घोटभर चहा" ही सवय तेवढी मोडा. एवढ्या एका गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

आता थोडे कडू बोलते.

हिमोग्लोबिन १२ च्या आत असेल तर गरोदर नसलेल्या स्त्रीला रक्तक्षय आहे असे धरतात, गरोदर असेल तर ११ च्या आत. ते आठ-नऊवर आलेले असेल, तर भाकरी, मेथी, हुलगा हे सगळे चालू ठेवूनही भागत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, आणि ती १८० दिवस रोज घ्यायची असते. आता तुलना करा: एका गोळीत ६०, गुळाच्या खड्यात एक! त्यातले किती शोषले जाते हा हिशेब वेगळा धरला, तरी अंतर जमीन-अस्मानाचे आहे. आणि होते काय, की गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, पोट धरते, म्हणून ती आठ दिवसांत फडताळात जाते आणि "मी आता नैसर्गिकच घेते" असे म्हणून बाई बिटाचा रस सुरू करते. घरच्यांनाही बरे वाटते, काहीतरी चालू आहे ना! पोटात बाळ असताना असे गेलेले महिने परत येत नाहीत. बाळंतपणात रक्त जाते, आणि ज्या बाईच्या अंगात मुळातच शिल्लक नाही तिच्या जिवावर बेतते.

शौचाचा काळा रंग हा गोळीतल्या न शोषलेल्या लोहाचा, त्याची भीती नको. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. दूध, चहा आणि चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या यांच्याबरोबर मात्र घेऊ नये, त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे. फारच त्रास झाला तर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलून देतात, गरज पडली तर शिरेतून लोह देण्याचीही सोय आता आहे. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही अंगातला साठा भरायला आणखी काही महिने गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर मागले पाढे पंचावन्न.

आणि दोन-तीन महिने नेमाने गोळ्या घेऊनही काटा हलत नसेल तर? मग लोहाखेरीज दुसरे कारण शोधायला हवे. पाळीत अंगावरून फार जात असेल, तर कितीही ओता, घडा गळतच राहणार. "बायकांना चालायचंच" म्हणून हे अंगावर काढू नका, तपासून घ्या. पोटात जंत असतील. कुटुंबात थॅलेसेमियाचा वारसा असेल. किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल. माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांतून ही शेवटची गोष्ट पुष्कळ दिसते, कारण ब-१२ ना गुळात, ना बिटात, ना कुठल्या पालेभाजीत. शाकाहारात ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. पण कित्येक घरांत दूध डेअरीला आणि मुलांच्या पेल्यात जाते, आईच्या वाट्याला चहापुरते. दह्याची वाटी स्वतःसाठी काढून ठेवण्यात स्वार्थ नाही, बरे का!

आता घरात बिटे आणलेलीच असतील, तर त्यांची एक कोशिंबीर सांगते. दोन मध्यम बिटे कच्चीच बारीक किसावीत. कच्ची नको असतील तर कुकरला सालासकट उकडून मग सोलावीत, म्हणजे रंग आणि सत्त्व पाण्यात उतरत नाही. त्यात वाटीभर वाफवलेली मोडाची मटकी, दोन चमचे भाजलेल्या तिळाचे जाडसर कूट, चिरलेली कोथिंबीर, एक हिरवी मिरची आणि चवीपुरते मीठ घालावे. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी आणि वाढताना अर्धे लिंबू पिळावे. लिंबू आधी पिळून ठेवू नये, आणि शिजवताना तर मुळीच घालू नये, कारण 'क' जीवनसत्त्व आचेने जाते. ही कोशिंबीर दह्यात कालवण्याऐवजी लिंबाची करावी, दही वेगळे, दुसऱ्या वेळी खावे. मुलांना गोड लागते म्हणून ती न कुरकुरता खातात, साखर घालायची गरजच पडत नाही.

माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई असेल तर तीही खाली काढा. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की भांड्यातले थोडे लोह त्यात उतरते, आणि तेही अंगी लागते. टोमॅटोची रस्साभाजी, चिंचेची आमटी, शेंगोळीचा रस्सा यांत नॉनस्टिक भांड्याहून लोखंडी कढई केव्हाही सरस. रंग थोडा काळपट येईल, चवीत किंचित फरक पडेल, आठ दिवसांत घरच्यांना सवय होते. फक्त पदार्थ झाल्यावर त्यातच ठेवू नये, लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा. कढई घासून, कोरडी पुसून, आतून बोटभर तेल फिरवून ठेवावी, म्हणजे गंज धरत नाही.